साडेचारचं खाणं

दिल्लीतल्या एका सरकारी सांख्यिकी कार्यालयात संघपाल मेश्राम सव्वीस वर्षं काम करत होता. देशातल्या घराघरांत काय खाल्लं जातं त्याचे तक्ते त्याच्या टेबलावर यायचे. कुठल्या राज्यात ज्वारी कमी झाली, कुठे पॅकबंद फरसाण वाढलं, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगू शकला असता. आपण स्वतः काय खातो याकडे मात्र त्याचं कधी लक्ष गेलं नव्हतं. डिसेंबरात ऑफिसच्या तपासणी शिबिरात त्याची तीन महिन्यांची सरासरी साखर आठ पूर्णांक एक निघाली, आणि चोपन्नाव्या वर्षी स्वतःचा तक्ता मांडायची वेळ त्याच्यावर आली.

मयूर विहारमध्ये त्यांच्या सोसायटीपासून चालत दहा मिनिटांवर डॉ. इशिता यांचा दवाखाना होता. पोळ्या दोनवरून एक, भात बंद, बटाटा बंद, साखर बंद, हे सगळं संघपालने निमूटपणे ऐकून घेतलं.

"आणि मधल्या वेळी काय खाता?" डॉक्टरांनी हिंदीत विचारलं.

"साडेचारला चहा. त्याबरोबर जे असेल ते."

"जे असेल ते म्हणजे काय? काल काय होतं?"

संघपाल विचार करू लागला. काल कोणाच्या तरी बढतीचे समोसे होते, की ते परवा? बिस्किटं किती खाल्ली? त्याला काहीच सांगता येईना. मग त्याला हसू आलं. "मॅडम, आमची माणसं घरोघर जाऊन हाच प्रश्न विचारतात. लोकांना आठवत नाही म्हणून आम्ही त्यांच्यावर वैतागतो."

डॉक्टरही हसल्या. त्यांनी ड्रॉवरमधून एक खोकं काढलं. आत रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, पांढरी चकती होती. ती दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायची, चौदा दिवस तशीच ठेवायची, आणि फोन जवळ नेला की अंगातली साखर किती ते दिसायचं. नुसता आकडा नाही, दिवसभराची रेघ दिसायची.

"मी तुम्हाला खाण्याची यादी देऊ शकते," डॉक्टर म्हणाल्या. "पण तुमचा स्वभाव बघता तुम्ही स्वतःच शोधून काढा. साडेचारला रोज एकच पदार्थ खा. दोन तास रेघ बघा."

संघपालला ही कल्पना इतकी आवडली की तो घरी येताना चालता चालताच नियम ठरवत होता. चहा बिनसाखरेचा. पदार्थ एका वाटीत मावेल एवढाच. सुरुवातीचा आकडा शंभर ते एकशेवीसच्या मध्ये असेल तरच मोजमाप धरायचं.

पहिल्या दिवशी त्याची बायको समता हिने डब्यात मखाणे दिले. ती नोएडातल्या एका शाळेत गणित शिकवायची, आणि तिच्या स्टाफरूममध्ये डाएटवर असलेल्या सगळ्याजणी मखाणेच खात होत्या. चमचाभर तुपात परतलेले, वर मीठ-मिरपूड. संघपालने साडेचारला ते खाल्ले आणि फोन समोर ठेवून बसला. पाच वाजता एकशेचाळीस. सव्वापाचला एकशेएकाहत्तर.

शेजारच्या केबिनमध्ये अंशुमन देब बसायचा. आसाममधल्या सिलचरचा, वयाने संघपालपेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, आणि कुठल्याही आकड्यावर शंका घेण्यात पटाईत. तो रेघ बघून म्हणाला, "मेश्रामजी, यंत्र खराब आहे. मखाणा हेल्दी असतो."

"हेल्दी असतो, पण असतो काय?" संघपाल म्हणाला. त्याने मखाण्याचं पाकीट आणलंच होतं. दोघांनी मागची बारीक अक्षरं वाचली. शंभर ग्रॅममध्ये पिष्ट पंचाहत्तर ग्रॅमच्या वर. म्हणजे हलका, फुगलेला, तोंडात विरघळणारा तो पदार्थ जवळजवळ सगळा पिठूळच होता. "वजनाला हलका, म्हणून आपण त्याला पोटालाही हलका समजलो," संघपाल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भाजलेले शेंगदाणे. रेघ झोपलेलीच राहिली, एकशेआठवरून एकशेतेरा. तिसऱ्या दिवशी 'डाएट चिवडा' असं पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला प्रकार. ती रेघ एकशेएकोणनव्वदवर गेली. चौथ्या दिवशी बिनसाखरेची चार बिस्किटं, एकशेअडुसष्ट. साखर नव्हती, पण मैदा होता.

पाचव्या दिवशी अंशुमनने आग्रह धरला की समोशाचाही आकडा घ्यायला हवा, नाहीतर तुलना कशाशी करणार. कँटीनमधून एक समोसा आला. दोघांनी आधी अंदाज कागदावर लिहिले. अंशुमनने दोनशेवीस लिहिलं, संघपालने दोनशे. दोन तासांत रेघ एकशेशहात्तरच्या वर गेली नाही.

"म्हणजे समोसा डाएट चिवड्यापेक्षा बरा?" अंशुमन म्हणाला.

संघपाललाही तसंच वाटलं असतं, पण सवयीने त्याने निष्कर्ष लगेच काढला नाही. घरी पोचल्यावर साडेसातला पुन्हा बघितलं तर रेघ अजून एकशेसत्तरवरच होती, उतरायचं नाव घेत नव्हती. चिवड्याची रेघ वर गेली आणि दोन तासांत खाली आली होती. तळणीच्या तेलाने समोशाचं पीठ रक्तात हळूहळू सोडलं होतं, एवढंच. हे कळल्यावर त्याला एखाद्या तक्त्यातली जुनी चूक सापडावी तसा आनंद झाला, आणि तो सांगायला त्याने घरात कोण मोकळं आहे ते पाहिलं.

त्याची आई, मीराबाई, बैठकीत टीव्हीसमोर बसली होती. सत्त्याहत्तर वर्षांची. भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीजवळच्या एका गावाची. नवरा गेल्यावर अकरा वर्षांपूर्वी मुलाकडे आली होती. तिलाही साखर होती, तीही अठरा वर्षांपासून. नागपूरच्या डॉक्टरांनी कधीकाळी सुरू केलेल्या गोळ्या ती सकाळ-संध्याकाळ न चुकता घ्यायची, आणि त्यात नवल वाटावं असं कोणालाच काही उरलं नव्हतं.

"दाखव तुही रेघ," ती रोज म्हणायची. चष्मा पुसून फोन डोळ्याजवळ न्यायची आणि बोटाने रेघेवरून फिरायची. "आन हे टोक कायचं?"

"समोशाचं."

"आन ही सपाट?"

"ती तेरवाची. शेंगदाण्याची."

"शेंगदाण्याची," मीराबाई पुन्हा म्हणायची, जणू पाठ करते आहे.

समता स्वयंपाकघरातून हे बघायची. एकदा ती संघपालला म्हणाली, "तुमच्या या प्रयोगात आईंना फार रस आहे. इतक्या वर्षांत त्यांनी मला कुठल्या पदार्थाबद्दल एवढे प्रश्न विचारले नाहीत."

संघपालला ते कौतुक वाटलं. त्यापलीकडे त्याने विचार केला नाही.

पुढच्या आठवड्यात उकडलेलं अंडं, पनीरचे तुकडे, मूठभर भाजलेले हरभरे, मीठ लावलेला अर्धा पेरू असं सगळं होऊन गेलं. हरभऱ्याची रेघ त्याला आवडली. एकशेअठ्ठावीसपर्यंत गेली आणि शांतपणे परत आली. मेट्रो स्टेशनबाहेर मिळणारी शकरकंदीची, म्हणजे रताळ्याची, चाट मात्र एकशेशहाण्णववर गेली, आणि अंशुमनने, उपासाला चालतं ते साखरेला चालतंच असं नाही, असं त्याच्या फळ्यावर लिहून ठेवलं.

तेरावा दिवस शनिवार होता. समता शाळेत पालकसभेला गेली होती. बाहेर जानेवारीचं धुकं दुपारपासूनच उतरायला लागलं होतं. पावणेसहाच्या सुमारास संघपाल बाहेरच्या खोलीत आला, तर मीराबाई पलंगावर बसून उशीच्या खोळीची घडी घालत होती. घडी झाली, तिने ती उलगडली, आणि परत घालायला लागली.

"आई, चहा ठेवू का?"

तिने वर पाहिलं. "राजाराम, बैल बांधले का?" ती म्हणाली.

राजाराम तिचा भाऊ. तो जाऊन तीस वर्षं झाली होती.

संघपाल जवळ गेला. खोलीत हीटर नव्हता, त्याने स्वतः स्वेटर घातला होता, आणि आईच्या कपाळावर घाम डबडबला होता. हात गार आणि ओले. बोटं थरथरत होती. त्याला आधी वाटलं, झटका आला. मग त्याची नजर तिच्या घामाकडे पुन्हा गेली आणि डॉक्टरांनी पहिल्या दिवशी दिलेल्या पत्रकातली एक ओळ त्याला आठवली: साखर फार उतरली की घाम येतो आणि माणूस बरळतो. त्याने धावत जाऊन बोटाला टोचून साखर मोजायचं जुनं यंत्र आणलं. आकडा आला एकावन्न.

त्या क्षणी घरात साखर कुठे ठेवली आहे हेच त्याला आठवेना. महिनाभर तिच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं. अखेर पिठाच्या डब्यामागे सापडली. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून त्याने घोट घोट तिला पाजली. तिने पहिला घोट घेतला आणि पेला बाजूला सारला. "गोड आहे रे. मले चालत नाही."

"आज चालतं. पी."

पंधरा मिनिटं तो तिचा हात धरून बसला. पुन्हा मोजलं तर त्र्याऐंशी. मीराबाईने मांडीवरच्या खोळीकडे पाहिलं, कपाळ पुसलं आणि विचारलं, "तू असा काऊन बसला आहेस?"

संघपालला रडू आवरणं कठीण गेलं. त्याने तिला अर्धी पोळी आणि दूध दिलं. ती खाऊन झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "आई, आज तू काय खाल्लंस?"

तिने दुधाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "तू खाते तेच. दुपारी भात नाही घेतला. चार वाजता शेंगदाणे."

"आणि नेहमीची बिस्किटं, केळं?"

"ते सहा दिवसांपासून सोडलं. तुही रेघ सपाट राहते, त माही काऊन नाही राहणार? मी म्हटलं, पाहून त पाहावं."

"आणि गोळ्या?"

"गोळ्या रोज घेतल्या. गोळी मी कधी चुकवते का?"

घरात दोन प्रयोग चालू होते आणि संघपालला एकाचीच माहिती होती. त्याच्या दंडावर चकती होती, हातात फोन होता, पाठीशी डॉक्टर होती. आईकडे फक्त त्याची रेघ होती.

डॉ. इशितांनी त्या संध्याकाळी फोनवरच संध्याकाळची गोळी थांबवायला सांगितली आणि सोमवारी दोघांना बोलावलं. मीराबाईच्या गोळ्यांची पाकिटं त्यांनी टेबलावर ओळीने मांडली.

"मांजी, ही गोळी जबरदस्तीने साखर खाली ओढते," एका पाकिटावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "तुम्ही भात खाता, केळं खाता असं धरून ती दिलेली आहे. तुम्ही खाणं काढून घेतलंत, गोळी तशीच राहिली. मग ती कोणाला ओढणार?"

मीराबाईला हिंदी नीट समजायची. ती म्हणाली, "म्हणजे शेंगदाणे खराब नव्हते."

"शेंगदाणे बिल्कुल खराब नव्हते. मला न सांगता खाणं बदललंत, ते खराब होतं." मग डॉक्टर संघपालकडे वळल्या. "आणि तुम्हीसुद्धा लक्षात ठेवा. तुम्हाला मी ती गोळी दिलेलीच नाही. म्हणून तुम्ही खुशाल प्रयोग करत होता."

संघपालने मान हलवली. डॉक्टरांनी ती गोळी बंद केली, दुसरी चालू ठेवली. मीराबाई उठायच्या आधी त्यांनी विचारलं, "तुम्हालाही चकती लावू का? चौदा दिवस?"

"मले?" मीराबाईने मुलाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आलेला आनंद संघपालने बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. "लावा," ती डॉक्टरांना म्हणाली.

चौदा दिवस संपल्यावर संघपालनेही नवी चकती लावली होती, त्यामुळे आता संध्याकाळी घरात दोन रेघा असायच्या. संघपालने आईसाठी वेगळा रकाना काढला, आणि पहिल्या तीन दिवसांतच त्याची झोप उडाली. मूठभर हरभरे, जे त्याला एकशेअठ्ठावीसवर नेऊन सोडत, ते आईला एकशेचौसष्टवर नेत. उलट अर्धा पेरू तिला जवळजवळ काहीच करत नव्हता. वाटी तीच, पदार्थ तोच, रेघ वेगळी. आयुष्यभर त्याने लाखो घरांची सरासरी काढली होती, आणि एकाच घरातल्या आई आणि मुलाची सरासरी काढली तर ती दोघांच्याही कामाची नव्हती. हे त्याने अंशुमनला सांगितलं तेव्हा अंशुमन म्हणाला, "मग आपली नोकरी जाणार का?" पण नंतर बराच वेळ तो तक्त्याकडे बघत राहिला.

चौथ्या दिवशी संघपाल वही घेऊन आईजवळ बसला. "उद्या काय घ्यायचं? पनीर?"

"पनीर मले आवडत नाही."

"अंडं?"

"रोज रोज अंडं?"

"मग तुला काय खावंसं वाटतं ते सांग."

मीराबाईने थोडा वेळ बोटातली अंगठी फिरवली. "झिंगे," ती म्हणाली.

संघपालच्या हातातलं पेन थांबलं. भंडाऱ्याकडे तलावात मिळणारी बारीक कोळंबी, उन्हात वाळवलेली. तव्यावर कोरडी भाजायची, वर कच्चा कांदा, तिखट आणि जवसाचं तेल. लहानपणी शाळेतून आल्यावर त्याला हेच मिळायचं, द्रोणात, कधी भाकरीबरोबर आणि पीठ संपलं असेल तर नुसतंच.

अकरा वर्षांपूर्वी, दिल्लीत आल्या आल्या, मीराबाईने गावाहून आणलेले झिंगे या घरात एकदा भाजले होते. अर्ध्या तासात बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधल्या वीणाताई दिघे दारात उभ्या होत्या, नाकाला पदर लावून. मूळच्या ग्वाल्हेरच्या, घर शुद्ध शाकाहारी. आवाज न चढवता त्या म्हणाल्या होत्या, "मेश्राम, हे इथे नाही चालत हो. जिन्यात उभं राहवत नाही. तुमच्याकडे चालत असेल." 'तुमच्याकडे' हा शब्द संघपालला बरोबर ऐकू आला होता. तो माफ करा म्हणाला होता. आत येऊन त्याने खिडक्या उघडल्या, आणि मीराबाईने उरलेले झिंगे कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकले. पुढे वीणाताई आणि मीराबाई संध्याकाळी खाली बागेत एकत्र फिरायला लागल्या, सणाला एकमेकींकडे ताटं गेली, पण तो विषय परत निघाला नाही.

"तू इतक्या वर्षांत कधी म्हणाली नाहीस," संघपाल म्हणाला.

"कोणी विचारलं नाही," मीराबाई म्हणाली. तिने ते तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. "आता विचारलं, त सांगितलं. त्याची रेघ कशी येते, मले पाहायचं आहे."

संघपालने आधी डॉक्टरांना फोन केला. या वेळी न विचारता काही करायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, साखरेच्या दृष्टीने हरकत नाही, पण सुक्या मासळीत मीठ फार असतं आणि मांजींना रक्तदाब आहे. दोन पाण्यांत भिजवून धुवा, आणि आठवड्यातून एकदाच. मग त्याने अंशुमनला विचारलं, दिल्लीत सुकी मासळी कुठे मिळते. सुक्या मासळीवर वाढलेल्या सिलचरच्या माणसाला हा प्रश्न म्हणजे पर्वणी होती. अंशुमनने आयएनए मार्केटमधल्या दुकानाचा रस्ता कागदावर काढून दिला आणि वर सल्ला दिला, "स्टीलचा डबा घेऊन जा, घट्ट झाकणाचा. प्लास्टिकच्या पिशवीत आणाल तर मेट्रोचा डबा रिकामा होईल."

समताला हे सगळं कळलं. ती म्हणाली, "आणा. पण वीणाताईंना आधी सांगून या. लपवून करायचं नाही आणि माफीही मागायची नाही."

शनिवारी सकाळी संघपालने समोरची बेल वाजवली. वीणाताईंनी दार उघडलं. आता त्याही सत्तरीच्या पुढे गेल्या होत्या, गुडघ्याला पट्टा होता.

"ताई, उद्या अकरा वाजता आम्ही सुके झिंगे भाजणार आहोत," संघपाल म्हणाला. आवाज सरळ ठेवायला त्याला थोडे कष्ट पडले. "आईला खायचे आहेत. साधारण अर्धा तास वास राहील. तुम्हाला आधी सांगावं म्हणून आलो."

वीणाताई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांना तो दिवस आठवला आहे हे त्याला दिसलं.

"मीराबाईंना आवडतं ते?"

"लहानपणापासून."

"आम्ही इतकी वर्षं रोज फिरतो, मला कधी बोलल्या नाहीत," त्या म्हणाल्या. मग स्वतःशीच पुटपुटल्या, "नाहीच बोलणार म्हणा." त्यांनी दाराची कडी हाताने चाचपली. "मला तो वास सहन होत नाही, ते खोटं कशाला बोलू. मी खिडक्या लावून घेईन. तुम्ही करा."

संघपालने मान डोलावली आणि वळला. मागून त्यांचा आवाज आला. "त्याने साखर वाढत नाही का?"

"तेच बघायचं आहे," तो म्हणाला.

आयएनए मार्केटमध्ये मासळीच्या गल्लीच्या टोकाला ते दुकान होतं. छतापासून लटकणाऱ्या वाळक्या मासळ्या, गोणींमध्ये लहान-मोठी कोळंबी, आणि सिलचरकडे बोलतात त्या शुद्ध सिलेटी बंगालीत भाव सांगणारा दुकानदार. संघपालने मूठभर कोळंबी हातात घेऊन वास घेतला. तलावाचा नव्हता, समुद्राचा होता. तरीही त्याने डबा भरून घेतला. परत येताना मेट्रोत तो डबा मांडीवर धरून बसला होता आणि शेजारचा तरुण दोनदा मान वळवून बघत होता. सराय काले खांला तो तरुण उठून दुसरीकडे जाऊन बसला. संघपालला त्याचं काही वाटलं नाही, याचंच त्याला जरा नवल वाटलं.

रविवारी मीराबाईने समताला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. धुऊन, कापडावर सुकवलेले झिंगे तिने स्वतः तव्यावर टाकले. चरचर आवाज झाला, वास उठला आणि घरभर पसरला. पंखा चालू होता, खिडक्या उघड्या होत्या, तरी वास वासच होता. जिन्यातून कोणीतरी वर गेलं. बेल वाजली नाही. तिने कांदा चिरला, तिखट घातलं, जवसाचं तेल नागपूरहून मागवलेल्या बाटलीतून सोडलं. नेहमीचं साडेचारचं खाणं आज अकरालाच होतं, कारण उजेडात हवा मोकळी असते असं तिचं म्हणणं होतं.

तिने पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावला. संघपाल आणि समता दोघंही तिच्या तोंडाकडे बघत होते.

"तसे नाहीत," ती म्हणाली. "हे समुद्राचे आहेत. आपल्याकडचे गोड राहतात." मग दुसरा घास घेतला. "पण आहेत." तिने वाटी रिकामी केली. तिखटाने आलेलं डोळ्यांतलं पाणी तिने पदराने टिपलं, आणि ते नुसतं तिखटाचं आहे का, हे कोणी विचारलं नाही.

मग तिघं फोनभोवती बसली. साडेअकराला एकशेबारा. बाराला एकशेअठरा. एकला एकशेदहा. मीराबाईने चष्मा लावून रेघेवर बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"लिही," ती संघपालला म्हणाली. "आन खाली लिहून ठेव, मीठ जास्त होतं. तीन पाणी पाहिजे."

मार्चमध्ये डॉ. इशितांनी दोघांच्याही तपासण्या पुन्हा केल्या. संघपालची तीन महिन्यांची साखर सहा पूर्णांक सातवर आली होती. मीराबाईची फारशी खाली आली नव्हती, पण त्या शनिवारनंतर ती एकदाही सत्तरच्या खाली गेली नव्हती, आणि तिच्या वयाला तेच जास्त महत्त्वाचं आहे असं डॉक्टर म्हणाल्या. तिने दुपारचा भात अर्धी वाटी परत सुरू केला होता. साडेचारला एक दिवस पेरू, एक दिवस शेंगदाणे, आणि रविवारी अकराला झिंगे. डॉक्टरांनी तिला आणखी चौदा दिवसांची चकती लावून दिली, कारण उन्हाळ्यात काय खायचं ते हिवाळ्यावरून कळणार नव्हतं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी बेल वाजली. वीणाताई एक पाकीट घेऊन आल्या होत्या. त्यांच्या मुलाने गुडगावहून पाठवलेले नाचणीचे खाकरे होते, वर 'मधुमेहींसाठी उत्तम' असं छापलेलं.

"मलाही मागच्या महिन्यात साखर सीमेवर आहे म्हणून सांगितलंय," त्या मीराबाईशेजारी बसत म्हणाल्या. "तुमच्या त्या रेघेवर जरा हे बघता का? खरं आहे की नुसतंच छापलंय?"

मीराबाईने पाकीट उलटं करून डोळ्याजवळ नेलं. बारीक अक्षरांवर तिचं बोट थांबलं. "नाचणी तिसऱ्या नंबरावर आहे," ती म्हणाली. "पहिला गहू." मग तिने एक खाकरा बाहेर काढला, मोडून अर्धा स्वतःकडे ठेवला आणि अर्धा वीणाताईंच्या हातात दिला. "मी खाऊन पाहते. पण ते माह्या अंगाचं कळेल. तुमच्या अंगाचं पाहायचं असेल, त तुम्हाले स्वतःले चकती लावा लागेल."

"दुखते का हो लावताना?"

"मुंगी चावल्यासारखं," मीराबाई म्हणाली आणि त्यांना दाखवायला बाही वर करू लागली.